मोजणाऱ्याने स्वतःला मोजू नये

मी डॉक्टर आहे, पण माझ्याकडे कुणी नाडी दाखवायला येत नाही. शेजारीपाजारी कुणी नवीन भेटलं की बाबा हौसेने सांगतात, "हा आमचा डॉक्टर." समोरच्याने गुडघा पुढे करून काही विचारायला तोंड उघडलं की घाईने सावरून घेतात, "माणसांचा नव्हे हो, रस्त्यांचा." मग तो माणूस एकदा आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो, आणि मी हवापाण्याचा विषय काढतो.

आई होती तेव्हा ती प्रत्येक गोष्टीला दोन ओळी जोडायची. भाजी करपली, दोन ओळी. पाहुणा रेंगाळला, दोन ओळी. मला विद्यापीठाची मोठी पदवी मिळाली त्या दिवशी मी ती गुंडाळी नाचवत घरात शिरलो आणि दारातच अडखळून सपशेल आडवा झालो. आईने आधी मला उठवलं, मग गुंडाळी उचलली, मग म्हणाली:

लेक माझा गं शहाणा, मोजी आभाळीचे तारे,
उंबऱ्याशी ठेचकाळे, हसे घरदार सारे.

तेव्हा मीही हसलो होतो. त्या दोन ओळींत माझी पुढची वीस वर्षं मावली आहेत, हे कळायला मात्र सहा बाक लागले.

आमच्या शहरात महापालिका आणि विद्यापीठ एकाच रस्त्याच्या दोन टोकांना आहेत, पण त्यांच्यात सोयरिक अशी कधी नव्हती. विद्यापीठाला प्रश्न विचारला की उत्तराला तीन वर्षं लागत आणि महापालिकेला विचारला की तीन सह्या. मग नवे आयुक्त आले. त्यांनी ठरवलं की यापुढे शहराचे निर्णय कुणाला काय वाटतं यावर नाही, पुराव्यावर होतील, आणि पुरावा गोळा करायला दोन्हीकडची माणसं एका खोलीत बसतील. विद्यापीठाने त्या खोलीत मला पाठवलं. माझ्या हुशारीमुळे, असं मी घरी सांगितलं. त्या सत्रात शिकवायला कुणी मला मागितलं नव्हतं, हे सांगायचं राहून गेलं.

खोली महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी तिथे जुन्या पाट्या ठेवत. आम्ही येणार म्हणून सगळ्या हलवल्या, एक तेवढी राहिली. माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे, 'येथे थांबू नये'. ती चुकून राहिली की रस्ते विभागाच्या इंजिनिअरबाईंनी ठेवली, हे मी अजून विचारलेलं नाही. इंजिनिअरबाई म्हणजे या खोलीतला महापालिकेचा अर्धा भाग. तीस वर्षं डांबरात गेलेल्या, आवाज खडीसारखा, आणि वाक्य कधी सहा शब्दांच्या पुढे जात नाही. माझं वाक्य सहा शब्दांत सुरूसुद्धा होत नाही.

आमच्याकडे आलेला पहिलाच प्रश्न हा होता. मोठ्या हॉस्पिटलपासून बसस्टँडपर्यंतचा फुटपाथ अरुंद आहे. त्यावर सहा बाक आहेत. ते काढले तर तिथे दुचाकी लावायला जागा होईल. काढावेत की ठेवावेत? दुकानदार म्हणत, काढा, त्यावर रिकामटेकडे बसतात. एक नगरसेवक म्हणत, ठेवा, ते माझ्या काळात बसवलेत. पुरावा कुणाकडेच नव्हता. मी बाह्या सरसावल्या.

नोंदीचा तक्ता बनवण्यात मी अठरा दिवस घालवले. सहा बाक, सहा विद्यार्थी, तीन आठवडे, सकाळी आठ ते रात्री आठ, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद: बाकावर कोण बसलंय, किती जण, किती वेळ. खाली बारा सूचना. त्यांतल्या सातव्या सूचनेवर माझा फार जीव होता. 'मोजणाऱ्याने शांतपणे बसून नोंद करावी. मोजणाऱ्याने स्वतःला मोजू नये.' आकड्यांत आपल्याच माणसांची भेसळ व्हायला नको, एवढा बारीक विचार दुसऱ्या कुणी केला नसता असं मला वाटलं. तसा तो खरंच दुसऱ्या कुणी केला नसता.

तीन आठवड्यांनी आकडे आले. सहाही बाक जवळजवळ सगळा वेळ रिकामे. वापर शेकडा चार. आठवड्याभरात मी एकशे बारा पानांचा अहवाल लिहिला, त्यात सात आलेख घातले. इंजिनिअरबाईंनी तो तळहातावर तोलून पाहिला आणि विचारलं, "काढायचे की ठेवायचे?" मी म्हटलं, अमुक मर्यादा लक्षात घेता आणि तमुक गृहीत धरता, काढण्याच्या बाजूने कल दिसतो. त्यांनी अहवालाच्या कव्हरवर पेन्सिलने लिहिलं, 'काढा', आणि तो स्थायी समितीकडे पाठवला. गुरुवारी अकराला बैठक, शुक्रवारी बाक उचलायला ट्रक.

घरी जेवताना मी ही बातमी दिली. आपल्या शहरातला पुराव्यावर झालेला पहिला निर्णय, आणि तो तुमच्या मुलाच्या आकड्यांवर. बाबांचा घास हातात राहिला.

इथे बाबांचं सांगायला हवं. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, सांगितलं होतं: चाला, रोज चाला, पण थोडं चाललं की बसा, चालणं सुटलं तर खाट धराल. आई गेल्यापासून बाबांचा दिवसाचा एकच उद्योग उरला होता. दुपारी चारला काठी घेऊन निघायचं, बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्या मित्राच्या दुकानात जायचं, तास-दोन तास बंद घड्याळांच्या सोबतीने गप्पा मारायच्या आणि परत यायचं. घर एका टोकाला, घड्याळवाला दुसऱ्या टोकाला आणि मध्ये हे सहा बाक. चौथ्यावर ते जरा जास्त वेळ बसत. आईला हॉस्पिटलमधून जरा फिरवायला बाहेर आणलं की ती दोघं तिथेच दम खायची.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण ते मला मुलगा म्हणून ठाऊक होतं, संशोधक म्हणून नव्हतं. संशोधक म्हणून मला शेकडा चार ठाऊक होतं.

बाबांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि म्हणाले, "मोजूनच ठरवलं असेल ना. मग बरोबर."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांचं तिला माझ्याइतकं कौतुक नाही. बाबा हात धुवायला उठल्यावर ती म्हणाली की गेला महिनाभर त्यांचे गुडघे संध्याकाळी भोपळ्यासारखे सुजताहेत, रोज शेक देते आहे, आणि गेल्या आठवड्यापासून ते घड्याळवाल्याकडे गेलेलेच नाहीत. "डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "तुझ्या त्या तक्त्यात बाबा कुठल्या रकान्यात येतात?" मी म्हटलं, वय झालं की गुडघे दुखणारच. तिने माझ्या ताटातली चटणी उचलून स्वतःच्या ताटात घेतली. आमच्याकडे याचा अर्थ संभाषण संपलं असा होतो.

सोमवारी इंजिनिअरबाईंनी मला महापालिकेच्या भांडारात धाडलं. बाक काढायच्या हुकुमात प्रत्येकाचा नंबर आणि वर्णन लागतं, ते तिथल्या सुतारकाकांकडून आणायचं होतं. भांडार म्हणजे शहराचा अडगळीचा माळा: वाकलेले दिव्याचे खांब, फुटक्या कचरापेट्या, दात पडलेली कुंपणं, आणि सगळ्यावर भुशाचा थर. सुतारकाका कानावर पेन्सिल ठेवून एक फळी तासत होते. कशासाठी आलो ते सांगितल्यावर त्यांनी रंधा खाली ठेवला.

"काढायचे? का बरं?"

मी त्यांना समजावून सांगितलं. नमुना, वारंवारता, शेकडा चार. आपल्या विषयाची गोडी सामान्य माणसाला लावायची तर सोप्या भाषेत बोलावं लागतं, म्हणून जरा मोठ्याने आणि सावकाश बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग भिंतीशी रचलेल्या जुन्या फळ्यांतून एक ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. मागच्या बाजूला पेन्सिलने बाकाचा नंबर आणि फळी काढल्याची तारीख लिहिलेली होती. चार नंबर. पुढची बाजू डाव्या अंगाला इतकी झिजली होती की हात ठेवला तर तळवा त्यात बसावा.

"उजवीकडे दुपारचं ऊन येतं," ते म्हणाले, "म्हणून सगळे डावीकडे टेकतात. ह्या रस्त्याइतक्या फळ्या मला आख्ख्या शहरात कुठं बदलाव्या लागत नाहीत. शेकडा चार म्हणता, मग ही काय वाऱ्याने झिजली?"

मी म्हटलं की लाकडाची झीज हा अप्रत्यक्ष पुरावा झाला. आम्ही प्रत्यक्ष निरीक्षण केलंय, सलग तीन आठवडे, दिवसाचे बारा तास, प्रत्येक बाकाजवळ एक विद्यार्थी.

"बारा तास," सुतारकाका कौतुकाने म्हणाले. "पोरं दमली असतील. बसायची कुठं?"

मी फळी काखेत मारली आणि निघालो. लोक म्हणतात, काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या काखेत फळी होती, एवढाच काय तो फरक.

तिसऱ्या मजल्यावर येऊन नोंदींचा खोका उघडला. तक्त्यात शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. त्यातलं लिखाण संगणकात घालता येत नाही म्हणून मी तो रकाना सरळ वगळला होता. आता वाचायला बसलो. पहिला बाक: 'एक बाई बाळ घेऊन आल्या. माझी बॅग आणि कागद बघून पुढे गेल्या.' दुसरा बाक: 'एकाने विचारलं, तुम्ही काय लिहिताय? सांगितलं, कोण बसतं ते लिहितोय. तो उठून गेला.' पाचवा बाक: 'आज कुणीही आलं नाही. माझी पाठ दुखते.'

बाक रिकामे नव्हते. त्यांवर आम्ही बसलो होतो. सहा बाकांवर बारा-बारा तास विद्यापीठ बसलं होतं, आणि सातव्या सूचनेप्रमाणे स्वतःला मोजत नव्हतं.

चौथ्या बाकावर आमची एक चष्मेवाली विद्यार्थिनी होती, अक्षर मोत्यासारखं. तिचा शेरा पहिल्या दिवसापासून सुरू होत होता.

'एक आजोबा, काठी, निळी टोपी. मी सरकून जागा केली. नको म्हणाले. तुझं काम चालू आहे, माझा मुलगाही असलंच मोठं काम करतो. खांबाला टेकून उभे राहिले. सात मिनिटं.'

'तेच आजोबा. आजही बसले नाहीत. नऊ मिनिटं.'

'तेच आजोबा. मी उठून उभी राहिले तर रागावले. म्हणाले, जागेवर बस, नोंद चुकेल. अकरा मिनिटं. घाम आला होता.'

असं पानामागून पान, तीन आठवडे. आणि शेवटच्या पानावर: 'आजोबा आज खांबापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले.'

निळी टोपी मीच आणलेली आहे. ती रोज आमच्या दारामागच्या खिळ्याला असते.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बाबा गुडघ्यांवर टॉवेल टाकून खिडकीत बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. कसं विचारावं कळेना, म्हणून चौथ्या बाकाची फळी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झिजलेल्या जागेवरून बोटं फिरवली आणि लगेच ओळखली.

"बाबा, तुम्ही तीन आठवडे उभे का राहिलात?"

"पोरांच्या पिशव्यांवर तुमच्या विद्यापीठाचा शिक्का होता ना," ते म्हणाले. "म्हटलं, हे तुझंच काम. मी घरचा माणूस. मी बसलो असतो तर तुझा आकडा बिघडला असता. उद्या कुणी म्हणायला नको, बापाला बसवून मोजणी केली."

असा बाप ज्याच्या घरात आहे त्याने प्रामाणिकपणावर बारा सूचना छापाव्यात, याचं मला हसू आलं. हसता हसता ते भलतीकडेच वळलं, तेव्हा टॉवेल उपयोगी पडला. बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. रात्री माझ्या ताटात चटणी होती.

मंगळवारी मी आधी आमच्या विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, दार लावलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की ही चूक म्हणता येणार नाही, ही अभ्यासाची मर्यादा आहे, आणि मर्यादांना सत्त्याण्णवाव्या पानावर जागा आहेच. तिथे दोन ओळी वाढव. संयुक्त कक्षाचं हे पहिलंच काम, ते आपटलं तर महापालिका पुन्हा विद्यापीठाची पायरी चढणार नाही. माझी बढतीही त्याच फाइलमध्ये आहे, हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही. फक्त फाइलवर हात ठेवला. सत्त्याण्णवाव्या पानापर्यंत आजवर कुणी पोचलेलं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिथून इंजिनिअरबाईंकडे. खरं सांगतो, या बाईंची मला जास्त भीती होती. शेऱ्याचे कागद आणि फळी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फक्त आजोबा कोण ते सांगितलं नाही. त्यांनी कागद वाचले. सातवी सूचना दोनदा वाचली. मग त्यांच्या खांद्यांना हादरे बसू लागले. तीस वर्षांत त्या पहिल्यांदा हसताहेत असं शिपाई नंतर म्हणाला.

"आम्ही आजवर न मोजता चुकलो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्ही मोजून चुकलात. तुमची चूक निदान सापडते. आमची कुणी शोधायची?" त्या आयुष्यात इतकं एका दमात कधी बोलल्या नसाव्यात. मग पुन्हा मूळपदावर आल्या. "गुरुवारी तुम्हीच सांगायचं. उभं राहून."

गुरुवारी अकराला समितीच्या दालनात मी उभा राहिलो. लांबलचक टेबल, मध्ये पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकापुढे माझे एकशे बारा पानांचे अहवाल, सगळे कोरे करकरीत. विभागप्रमुख कोपऱ्यात बसून छताकडे बघत होते. मी मर्यादांपासून सुरुवात केली, मग निरीक्षणाच्या पद्धतीवर आलो, मग निरीक्षकाच्या उपस्थितीचा निरीक्षणावर होणारा परिणाम, आणि इंजिनिअरबाई शेजारून खडी पडावी तशा म्हणाल्या, "सहा शब्दांत सांगा."

मी बोटांवर मोजलं. "बाक रिकामे नव्हते. आम्ही बसलो होतो."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग अध्यक्षांच्या लक्षात आलं, त्यांच्या शेजारच्याच्या लक्षात आलं, आणि हशा टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा मागे असा येत-जात राहिला. एकाने विचारलं, विद्यापीठात खुर्च्या नाहीत का? दुसऱ्याने सुचवलं की या संशोधनाबद्दल मला एक बाक भेट द्यावा. ज्या नगरसेवकांनी बाक बसवले होते ते उठून माझा हात हातात घेऊन गेले. मी सगळं मान खाली घालून ऐकलं. आई असती तर दोन ओळींवर थांबली नसती.

हसणं ओसरल्यावर अध्यक्षांनी विचारलं, आता काय? मी म्हटलं, ट्रक थांबवा. तीन आठवडे द्या. विद्यार्थी लांब उभं राहून मोजतील, सुतारकाकांच्या फळ्या तारखांसकट पुराव्याला जोडू, आणि शेऱ्याचा रकाना सगळ्यांत पुढे घेऊ. मग जो आकडा येईल तो. त्यांनी इंजिनिअरबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "ट्रक थांबवलाय. कालच."

दुसरी मोजणी सुरू झाली. पहिल्या दिवशी मी बाबांना सांगून ठेवलं, आता बसायचं, बिनधास्त बसायचं. ते म्हणाले, "पण मी घरचा..." मी म्हटलं, बाबा, शहरात राहणारा प्रत्येक माणूस कुणाच्या ना कुणाच्या घरचा असतोच, घरची माणसं वगळली तर मोजायला फक्त खांब उरतील. हे त्यांना पटलं की नाही कोण जाणे. पण आठवडाभर शेकल्यावर गुडघे उतरले आणि निळी टोपी खिळ्यावरून निघाली.

शेवटच्या दिवशी चष्मेवालीला परीक्षा होती, म्हणून चौथ्या बाकाची पाळी मी घेतली. सुधारलेल्या सूचनेप्रमाणे रस्त्यापलीकडे, औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, हातात तक्ता घेऊन उभा. बसायचं नाही, टेकायचं नाही. दुपारी साडेतीनपर्यंत माझ्या रकान्यांत तेवीस माणसं जमली. पाळणाघरातून पोर घेऊन निघालेली बाई, प्लॅस्टरमधला पाय, डब्याची पिशवी सांभाळत डुलक्या घेणारा नातेवाईक, भांडून दोन टोकांना बसलेलं आणि उठताना एकत्र उठलेलं एक जोडपं. सगळे डावीकडून बसत गेले. माझ्या पोटऱ्या भरून आल्या. शेकडा किती हे गणित मी मनातल्या मनात करत होतो आणि करायचं नाही म्हणून सोडून देत होतो.

चार वाजून दहा मिनिटांनी काठी दिसली. बाबा सावकाश आले, फळीवर हात ठेवला, वळले आणि टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी नोंद केली: एक, वृद्ध, काठी. शेरा कोरा ठेवला.

त्यांनी मला रस्त्यापलीकडे पाहिलं. मग डावीकडे आणखी सरकले आणि उजवीकडची जागा तळहाताने दोनदा थोपटली.

"अरे, ये की. किती वेळ उभा राहशील?"

मी मान हलवली आणि तक्ता उंच करून दाखवला. "नको बाबा. आकडा बिघडेल."